बिगेचं वळून पाहणं

"वीस बस. सगळ्या पिवळ्या," मासांबा बोट नाचवत म्हणाला. "टपावर बोकड, दारात लोंबकळणारा कंडक्टर, मागं निळं आभाळ. मागच्या खेपेला एकीचं आभाळ तू तांबडं केलंस. ती अजून दुकानात पडून आहे."

"पाऊस पडून गेल्यावरची संध्याकाळ होती ती," देगेन म्हणाली.

"अगं, गिऱ्हाइकाला संध्याकाळ नको असते. त्याला बस हवी असते."

 अंगणातल्या कडुनिंबाखाली देगेन चटईवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात खिडकीच्या तावदानाएवढी काच आणि हातातला कुंचला एका पिवळ्या बसच्या टायरवर. हा टायर तिने इतक्या वेळा रंगवला होता की डोळे मिटूनही तो गोलच आला असता.

मासांबा फाय तसा दुष्ट माणूस नव्हता. पुलापलीकडच्या बेटावर, हॉटेलांच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं. न्दार शहरातले चार चित्रकार त्याच्यासाठी काचा रंगवायचे. काच तो द्यायचा, रंग तो द्यायचा, पैसे वेळेवर द्यायचा. फक्त चित्र कुणाचंही असलं तरी कोपऱ्यात नाव एकच पडायचं, 'फाय'. ते त्याच्या वडिलांचं. वडील खरोखरच मोठे चित्रकार होते. ते जाऊन किती वर्षं झाली, पण त्यांचं नाव अजून चित्रं काढतच होतं.

"हॉटेलवाल्याला बकरीदेच्या आत पाहिजेत," मासांबा उठता उठता म्हणाला. "प्रत्येक खोलीत एक बस लावणार आहे म्हणे."

तेवढ्यात अंगणाचं दार उघडलं. वाजलं नाही, उघडलंच. दारात दारो हाजीण उभी होती. पायात रबरी बूट, मनगटापासून कोपरापर्यंत सोन्याच्या बांगड्या आणि अंगाला ताज्या माशांचा वास. गेट न्दार या कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर होडी लागली की तिच्यातल्या माशांचा भाव ही बाई ठरवायची. तिच्यापुढे नाखवे टोप्या काढून उभे राहत. ती अशी आपणहून कुणाच्या अंगणात येत नसे.

"काचेवर चित्रं काढते ती तूच ना?" तिने विचारलं. "माझ्या आईचं चित्र पाहिजे. बिगे तिचं नाव."

देगेन घाईने उठली. "बसा, हाजीणबाई. फोटो आणलात का?"

"फोटो असता तर तुझ्याकडं कशाला आले असते? फोटोवाल्याकडून मोठा करून घेतला असता." दारो स्टुलावर बसली. स्टूल कुरकुरलं. "आईचा फोटो कधी निघालाच नाही. मी दहा वर्षांची असताना गेली ती. आता नवीन घर बांधलं, वर मोठी बैठक आहे. भिंतीवर नवरा आहे, मुलं आहेत, आमचे पीर आहेत, मक्का आहे. एक आई तेवढी नाही. लोक विचारतात, हाजीणबाई, हे सगळं तुम्हांला कुणी शिकवलं? मी कुणाकडं बोट दाखवू? भिंतीकडं?"

मासांबा हसला. "हाजीणबाई, न पाहिलेल्या बाईचं चित्र कसं निघायचं? त्यापेक्षा एखादी छानशी बस…"

"माझी आई बसमधून हिंडत नव्हती. तू गप बस."



"पटलं तर घेईन," दारो देगेनकडे वळली. "नाही पटलं तर काच तुझी, रंग तुझा, मेहनत तुझी. बघ बाई."

देगेनने होकार दिला. का दिला, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं. तिच्या आजीच्या काळी गेट न्दारमध्ये घरोघरी काचेवरची चित्रं असायची. कुठे पीर, कुठे नवरा-नवरी, कुठे नटूनथटून बसलेली घरधनीण. मग फोटो आले, प्लास्टिकच्या चौकटी आल्या आणि काचा भिंतींवरून उतरल्या. मामाकडून ही कला शिकून देगेनला वीसेक वर्षं झाली असतील. तेवढ्या काळात तिची चित्रं विमानात बसून कुठकुठे गेली होती, पण शेजारच्या घराची भिंत त्यांनी पाहिली नव्हती.

दारो गेल्यावर मासांबा दाराशी थबकला. "हे बघ देगेन, मी काही अडवत नाही. पण बस वेळेत आल्या नाहीत तर हॉटेलचं काम मी दुसऱ्याला देणार. मग माझ्यावर रुसायचं नाही."

संध्याकाळी नवरा घरी आला. बिरान होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. नखांत कायम काळं तेल. सगळं ऐकून त्याने चहाचा पेला खाली ठेवला. "म्हणजे नक्की मिळणारं काम सोडून तू मेलेल्या बाईच्या मागं लागणार?"

"सोडणार नाही. दोन्ही करीन."

"आणि ईदेचा बकरा?"

"होईल काहीतरी."

"काचेवर काढ एक," बिरान म्हणाला. "शेजाऱ्यांना लांबून दाखवू."

ती हसली, पण तिचं लक्ष तिथे नव्हतं.

दारोची भावंडं दोन. थोरला इब्रा, जन्मभर होडीवर गेलेला, आता मोतीबिंदूने जवळजवळ आंधळा. धाकटी सोदा, चार नातवंडांची आजी, सदा हसतमुख. देगेन दोघांकडे जाऊन बसली.

"आई काटकुळी होती," इब्रा म्हणाला. "काळीभोर. कोपर लागलं तर टोचायचं. आणि डाव्या भुवईत खाच होती. माशाच्या काट्याची."

"काटकुळी? काहीतरीच!" सोदा म्हणाली. "आई चांगली अंगानं भरलेली होती. मांडी कशी उशीसारखी. मी तिच्यावरच झोपायचे. आणि रंगानं उजळ होती हं, माझ्यासारखी."

"तू काय सहा वर्षांची होतीस, तुला काय आठवतंय?"

"तुला तरी आता काय दिसतंय?"

दारोला विचारलं तर ती म्हणाली, "आई उंच होती." एवढंच. पुन्हा विचारलं तर पुन्हा तेच. "उंच होती. मान वर करून बघावं लागायचं."

देगेनने पहिलं चित्र जुन्या रीतीने काढलं. बाई समोर तोंड करून बसलेली, दोन्ही हात मांड्यांवर, गळ्यात कंठा, मागे फुलाफुलांचा पडदा. काचेचं काम उलटं असतं. कागदावर चित्र काढतो तेव्हा आधी चेहरा, मग डोळे, मग दागिने असं आपण पुढे पुढे येतो. काचेवर मागून रंगवायचं आणि पुढून बघायचं. म्हणून जे सगळ्यांत वर दिसायचं ते सगळ्यांत आधी. आधी डोळ्यातला पांढरा ठिपका, मग बुबुळ, मग डोळा, मग चेहऱ्याचा रंग. आधी कंठ्यातला मणी, मग गळा. आकाश शेवटी. चेहऱ्याचा रंग एकदा चढला की डोळ्यात काही सुधारता येत नाही. आणि काम चालू असताना पुढून कसं दिसतंय ते कळत नाही. काच उलटी करेपर्यंत सगळा भरवसा हातावर.

दारोने ते चित्र हातभर लांब धरून पाहिलं. "ही कुण्या मंत्र्याची बायको आहे. छान आहे. मंत्र्याला दे." आणि काच परत दिली.

दुसऱ्या वेळी देगेनने तिघांचं ऐकून सगळं एकत्र केलं. इब्राची खाच, सोदाचे गाल, दारोची उंची. चेहऱ्याचा रंग चढवून तिने काच उचलून पाहिली आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. तिघांनी वर्गणी काढून केलेली बाई होती ती. प्रत्येक अवयव खरा, आणि बाई कुठेच नाही. ओला रंग तिने पात्याने खरवडून काढला, काच साबणाने धुतली आणि बस रंगवायला घेतली.

बस काही केल्या सरकेनात. हात चालायचा, पण मध्येच थांबायचा. पाच झाल्या, सहा झाल्या. मासांबाने दोनदा निरोप पाठवला. बिरान रोज संध्याकाळी आल्या आल्या झालेल्या बस मोजायचा.

शेवटी एके सकाळी देगेन उठली, डोक्याला कापड गुंडाळलं आणि किनाऱ्यावर गेली. दारोला सांगून टाकायचं, मला नाही जमणार.

होड्या नुकत्याच लागल्या होत्या. वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. पेट्या डोक्यावर घेऊन माणसं धावत होती, मेंढ्या माशांच्या कचऱ्यात तोंड घालत होत्या, बायका ओरडून भाव करत होत्या. दारो पाठमोरी उभी होती, एका नाखव्याशी तिचं जोरात वाजलं होतं. देगेनने मागून हाक मारली. "हाजीणबाई!"

दारो वळली. म्हणजे दारो वळली नाही, तिची मान वळली. पाय नाखव्याकडे, खांदे नाखव्याकडे, आणि डाव्या खांद्यावर हनुवटी टेकवून एक भुवई वर. 'काय आहे? लवकर बोल. कामात आहे मी.' हे सगळं त्या एका भुवईत.

देगेन जागच्या जागी उभी राहिली.

"काय गं? चित्र झालं?"

"नाही… म्हणजे… होईल," देगेन म्हणाली आणि मागे फिरली. चार पावलं गेली, पुन्हा वळली आणि पुन्हा हाक मारली. "हाजीणबाई!" पुन्हा तीच मान, तोच खांदा, तीच भुवई.

"खुळी आहेस का? मला कामं आहेत!"

देगेन जवळजवळ धावतच सोदाच्या घरी गेली. सोदा अंगणात कांदा कुटत होती, पाठ दाराकडे. देगेन दारातच थांबली. "सोदाकाकू!" सोदाची मान डाव्या खांद्यावर आली, मुसळ हातात तसंच, भुवई वर. मग देगेनला ओळखून ती हसली, पण त्याआधीच्या त्या क्षणात ती हसरी सोदा नव्हतीच.

इब्राच्या घरी देगेन पाय न वाजवता गेली. म्हातारा भिंतीकडे तोंड करून जाळ्याच्या गाठी चाचपत बसला होता. दिसत काही नव्हतं त्याला. मान वळवायचं कारण नव्हतं. तिने हाक मारली आणि आंधळ्या माणसाने डाव्या खांद्यावरून भुवई वर करून तिच्याकडे पाहिलं.

"इब्राबाबा, तुमची आई काम काय करायची?"

"मासे सुकवायची. दुसरं काय? दिवसभर फळ्यांपाशी. मासा चिरायचा, मीठ लावायचं, उलटायचा."

"म्हणजे तुम्हांला ती पाठमोरीच दिसायची."

 इब्राच्या हातातलं जाळं मांडीवर पडलं. "हो की गं," तो म्हणाला. "आम्ही मागून जायचो. भूक लागली म्हणायला. ती सुरी बाजूला धरायची, आम्हांला लागू नये म्हणून, आणि अशी वळायची." त्याने वळून दाखवलं. "म्हणायची, 'हात धुतलेस का?'"

घरी येऊन देगेनने सगळ्यांत मोठी काच काढली. मासांबाची नव्हे; मामाने मरताना दिलेली, जुन्या सरकारी इमारतीच्या खिडकीची. ती इतकी वर्षं कपाटामागे कापडात गुंडाळलेली होती. तिने ती धुतली, पुसली, उन्हात धरली. काचेच्या पोटात बारीक लाटा होत्या, जुन्या काचेत असतात तशा.

सगळ्यांत आधी सही. काचेवर सही शेवटी करता येत नाही. ती सगळ्या रंगांच्या पुढे दिसते, म्हणून ती आधीच लिहावी लागते, उलट्या अक्षरांत, कोऱ्या काचेवर. चित्र जमणार की फसणार हे कळायच्या आधी. देगेनने शाईत बारीक कुंचला बुडवला, खालच्या कोपऱ्यावर नेला. सवयीने हात 'फाय' लिहायला वळला. तिने तो थांबवला. बराच वेळ कुंचला तसाच अधांतरी होता. शाईचा एक थेंब चटईवर पडला.

मग तिने लिहिलं. उजवीकडून डावीकडे, एकेक अक्षर पाठमोरं. देगेन म्बोज.

 मोकळ्या काचेवर नुसतं तिचं नाव होतं, बाकी काहीच नाही. आता त्याच्यामागे बाई उभी करायलाच हवी होती.

त्या चित्रात तिने इब्राची खाच घेतली नाही, सोदाचे गाल घेतले नाहीत. तिने तीन माणसांत उरलेली ती एक मान घेतली. आधी भुवई, एकच, वर गेलेली. मग डोळ्यातला ठिपका. मग ओठ, किंचित उघडे, ओरडायच्या आधी असतात तसे. हातावर चिकटलेले माशांचे खवले, एकेक चंदेरी ठिपका. त्यानंतर हाताचा रंग. बाजूला धरलेली सुरी. पाठीवर घामाने भिजलेल्या कापडाच्या चुण्या. फळ्या, फळ्यांवर ओळीने मासे. आता उरली मागची बाजू. किनारा म्हटला की समुद्र निळा, हे तिच्या हाताला पाठ होतं. निळ्या रंगाचा डबा जवळच होता. तिने तो बंद केला. वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटला की गेट न्दारचं आभाळ मळकट पिवळं होतं, समुद्र कुठे संपला ते कळत नाही, आणि त्या दिवसांतही मासे सुकवावेच लागतात. तिने तो पिवळा कालवला. दोनदा फसला, तिसऱ्यांदा दातांत धूळ आल्यासारखं वाटलं, तेव्हा तो काचेवर चढवला.

रंग वाळेपर्यंत तिने काच उलटी केली नाही. बिरान दुपारी जेवायला आला. एकाच परातीतून भात-मासा खाऊन झाला, हात धुऊन झाले, तेव्हा ती म्हणाली, "तू उचल. मला धीर होत नाही."

बिरानने काच दोन्ही हातांनी उचलली आणि फिरवून कडुनिंबाच्या बुंध्याला टेकवली. बघत राहिला. मग नकळत आपले हात पँटला पुसले.

"काय झालं?" देगेन म्हणाली.

"काही नाही," बिरान म्हणाला. "नखात तेल आहे अजून माझ्या."

देगेनला हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

दारोच्या नव्या बैठकीत त्या दिवशी तिघंही भावंडं होती. दारो मोठ्या खुर्चीत बसून कोलाचं कडू बी चघळत होती, नातवाच्या सासऱ्यांशी फोनवर बोलत होती. देगेनने कापड सोडलं आणि काच समोरच्या सोफ्यावर उभी केली.

दारोचं फोनवरचं वाक्य अर्धंच राहिलं. फोन मांडीवर आला. आणि मग ती गोष्ट झाली, जी पुढे गेट न्दारमध्ये कितीतरी दिवस लोक एकमेकांना सांगत होते. सत्तरीला आलेल्या, नाखव्यांना घाम फोडणाऱ्या दारो हाजीणने तोंडातला कोलाचा तुकडा पटकन हातात काढून घेतला आणि मूठ पाठीमागे लपवली.

सोदा खदखदून हसायला लागली. "बघा, बघा! आईनं कोला खाताना पकडलं हिला!"

"गप गं," दारो म्हणाली. पण मूठ मागेच होती.  "पोरींनी कोला खाल्लेला चालायचा नाही तिला. दात तांबडे होतात म्हणायची."

इब्रा उठला, चाचपडत सोफ्यापाशी आला. काचेवरून त्याची बोटं फिरली. "नुसती काच लागतेय," तो म्हणाला. "भुवई वर आहे का?"

"आहे, इब्राबाबा."

"सुरी?"

"बाजूला धरलीय."

म्हातारा काचेसमोर ताठ उभा राहिला. "धुतलेत गं हात," तो हळूच म्हणाला.

 खाली अंगणात कुणाची तरी मेंढी ओरडत होती.

सगळ्यांत आधी दारो सावरली. पैशांचा प्रश्न आला की ती लगेच सावरायची. "किती?" तिने विचारलं.

देगेनने आकडा सांगितला. रात्रभर तिने तो मनात घोळवला होता, आणि सांगताना तो आणखी थोडा वाढला.

"या अल्ला! एका काचेचे? एवढ्यात मी होडीभर मासे घेते!"

"होडीभर मासे उद्या संध्याकाळपर्यंत नासतील, हाजीणबाई."

सोदाने तोंडावर हात दाबला. दारोचे डोळे बारीक झाले. असं उत्तर तिला किनाऱ्यावर कुणी दिलं नव्हतं. "निम्मे देते. निम्मे म्हणजे पुष्कळ झाले. मासांबा तुला एका बसचे किती देतो ते मला ठाऊक आहे."

"बस वीस असतात. ही एकच आहे."

"आज एक आहे. उद्या तू दुसरी काढशील, परवा तिसरी. माझी आई हॉटेलात टांगशील."

"नाही काढणार," देगेन म्हणाली. "तुम्ही ही घेतली नाहीत तरी नाही काढणार. मी माझ्या घरी लावीन. तुम्हांला आठवण आली की येत जा, चहा पाजीन."

 दारोने चित्राकडे पाहिलं, देगेनकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. मग तिने मान मागे टाकली आणि ती हसली, इतकी मोठ्यानं की बांगड्या वाजल्या. "बघ गं आई," ती काचेला म्हणाली, "तुझी लेक पहिल्यांदाच भावात हरली!" आणि सुनेला हाक मारून तिने पैशाची पिशवी मागवली.

चौथ्याच दिवशी मासांबा देगेनच्या अंगणात हजर झाला. गेल्या काही दिवसांत दारोच्या घरी चित्र बघायला रीघ लागली होती. बेटावरून हॉटेलवालाही जाऊन आला होता.

"ती वळलेली बाई," मासांबा बसता बसताच म्हणाला. "दहा काढ. हॉटेलवाला म्हणतो बस राहू देत."

"नाही. ती एकदाच काढायची होती."

"मग मी दुसऱ्याकडून काढून घेईन. फोटो आहे माझ्या फोनमध्ये."

"घ्या की," देगेन शांतपणे म्हणाली. "बाई निघेल. वळणार नाही."

मासांबाने फोनमधला फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला. तो चित्रकाराचा मुलगा होता. त्याला खोटं बोलता आलं नाही. "बरं बाई. मग काय काढशील ते तरी सांग."

"राहिलेल्या बस पुऱ्या करून देईन, शब्द दिलाय. त्यानंतर मला वाटेल ते काढीन, तुम्हांला आवडलं तर दुकानात लावा. आणि कोपऱ्यात नाव माझं."

"दुकानाचं नाव फाय आहे, देगेन."

"ते पाटीवर राहू द्या ना. मोठ्या अक्षरात."

मासांबाने फोन खिशात टाकला.  "तुझी ती तांबड्या आभाळाची बस," तो शेवटी म्हणाला, "काल एका बाईनं घेतली. म्हणाली, हिच्यात काहीतरी आहे." आणि तो उठून गेला, चहा न घेता.

बकरीद होऊन गेली. बकरा आला होता, बिरानने स्वतः निवडलेला, शिंगं कमानदार. त्यानंतर महिन्याभराने सोदाच्या नातीचं लग्न निघालं. तिथल्या रीतीप्रमाणे नवरीच्या खोलीसाठी नात्यागोत्यातल्या बायकांकडून फोटो उसने आणून चारही भिंती भरल्या. नटलेल्या आज्या, काळे चष्मे घातलेले मामा, इटलीतले भाऊ. आणि पलंगाच्या वर, मधोमध, बिगे. दारोने ती स्वतः रिक्षात मांडीवर धरून आणली होती. खोलीत जी बाई शिरे ती आधी बिगेकडे बघे आणि तिची नजर चुकवून मग नवरीकडे वळे.

दुपार कलली तशी अंगणात भाटीण उभी राहिली. न्देला तिचं नाव. गेट न्दारमधल्या घराघराची सात पिढ्यांची नावं तिच्या जिभेवर. तिने आधी नवरीचं कूळ गायलं, मग नवऱ्याचं. मग उघड्या दारातून आतल्या चित्राकडे हात करून बिगेचं गायलं. जिच्या हाताचे खवले कधी उतरले नाहीत, जी कुणासाठी थांबली नाही आणि जिने कुणाला उपाशी ठेवलं नाही. ढोलकीवाले तापले होते. दारो डोळे मिटून डोलत होती.

आणि अचानक न्देलाने ढोलक्या थांबवल्या. "बिगेला जमिनीतून उठवून भिंतीवर कुणी बसवलं?" तिने विचारलं.

बायका मागे वळून बघू लागल्या. देगेन शेवटच्या ओळीत, स्वयंपाकाच्या पातेल्यांपाशी बसली होती. सोदाने तिला हाताला धरून उठवलं. "ही! ही बघ ती!"

"म्बोज!" न्देला गरजली. "म्बोज! म्बोज!"

ढोलक्या पुन्हा सुटल्या. न्देला देगेनच्या पुढ्यात आली आणि गाऊ लागली. देगेनचा बाप, आजा, पणजा, वालो मुलखातल्या नदीकाठचे ते म्बोज, ज्यांची नावं देगेनने लहानपणी ऐकली होती आणि विसरली होती. मग मामाचं नाव आलं, काचा रंगवणारा मामा. आणि मग तिचं स्वतःचं. देगेन, जिचा हात उलटा चालतो आणि सुलटं दाखवतो. अंगणभर बायका टाळ्या वाजवत होत्या. देगेनला पाय कुठे ठेवावेत कळेना.

भाटिणीने गायल्यावर काहीतरी द्यावं लागतं. देगेनने कमरेला हात लावला. पैसे आणलेच नव्हते. तिने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग दोन्ही हात वर नेले, डोक्याला गुंडाळलेलं नवं कोरं जांभळं कापड सोडलं, ईदेसाठी हौसेनं घेतलेलं, आणि न्देलाच्या खांद्यावर टाकलं. न्देलाने ते दोन्ही हातांनी उंच धरून सगळ्यांना दाखवलं. बायकांनी जिभा फिरवून लकेरी मारल्या.

उन्हं उतरल्यावर देगेन घरी निघाली. किनाऱ्याच्या रस्त्याला होड्या ओळीने वाळूवर ओढलेल्या होत्या आणि जाळी दुरुस्त करणारे पुरुष त्यांच्या सावलीत बसले होते. लग्न झालेली बाई उघड्या डोक्याने रस्त्याने जाते आहे हे त्यांनी पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. एकाने हळूच टोपीला हात लावला. समुद्रावरून वारा येत होता. देगेनच्या कानशिलांपाशी थोडे केस पांढरे झाले होते, ते कधी झाले हे तिलाही माहीत नव्हतं. तिने डोकं झाकलं नाही. रस्त्याच्या मधून चालत ती घरापर्यंत गेली.